बाबा पदमनजी : कादंबरी आणि आत्मचरित्र

मराठी कादंबरीचा इतिहास शिकविताना बाबा पदमनजी यांचे नाव आरंभी घ्यावयाचे आणि लगेच पुढे जावयाचे, अशी एक रीत पडून गेली आहे. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही मराठीतील पहिली सामाजिक कादंबरी, परंतु ती धर्मप्रचारार्थ लिहिलेली, एवढे सांगितले म्हणजे विषय संपला असे मानले जाते. त्यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र तर दुसऱ्याच प्रकरणात, दुसऱ्याच वाङ्मयप्रकाराखाली येते. एकाच लेखकाच्या या दोन कृती अशा रीतीने विलग झाल्यामुळे त्यांच्यातील आंतरिक नाते अभ्यासकाच्या दृष्टीआड राहते. ते नाते स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम लेखकाच्या चरित्राची रूपरेषा पाहू. बाबांचा जन्म १८३१ साली बेळगाव येथे एका कासार कुटुंबात झाला. वडील सरकारी नोकरीत होते आणि घरचे वातावरण श्रद्धाळू होते. बाबांचे शिक्षण बेळगावच्या मिशन शाळेत व पुढे मुंबईत झाले. तेथे ते परमहंस मंडळीच्या सहवासात आले. जातिभेद मोडावा, मूर्तिपूजा सोडावी, विधवाविवाहास मान्यता द्यावी, असे या मंडळीचे विचार होते. मात्र तिचा सारा व्यवहार गुप्तपणे चाले. १८५४ साली बाबांनी बेळगाव येथे बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर अध्यापक, पुण्यातील चर्चचे पाळक, ‘सत्यदीपिका’ या नियतकालिकाचे संपादक, कोशकार आणि धार्मिक वाङ्मयाचे लेखक व संपादक अशा अनेक नात्यांनी त्यांनी काम केले. त्यांचा इंग्रजी-मराठी कोश १८६० साली, तर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचा त्यांनी केलेला संक्षेप १८६३ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या लहानमोठ्या पुस्तकांची संख्या शंभराच्या घरात जाते. १९०६ साली त्यांचे निधन झाले.

या चरित्रातील एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावयास हवी. ‘यमुनापर्यटन’ लिहिले त्या वेळी लेखकाचे वय अवघे सव्वीस वर्षांचे होते आणि त्याच्या धर्मांतरास तीनच वर्षे लोटली होती. ज्या समाजातून तो बाहेर पडला होता, त्याची घरे, त्याची बोली आणि त्याचे आचार त्याच्या स्मरणात ताजे होते. कादंबरीचे बळ आणि तिचे दौर्बल्य, या दोहोंचे मूळ येथे आहे.

कथानक थोडक्यात असे. यमुना ही मिशनच्या शाळेत शिकलेली स्त्री. ती आपला पती विनायक याच्यासह प्रवास करते आणि त्या प्रवासात निरनिराळ्या ठिकाणच्या विधवांची दुःखे पाहते व ऐकते. पुढे विनायकाच्या मृत्यूने तिच्यावरच वैधव्य ओढवते. आजवर ज्याची ती साक्षी होती, त्याचीच ती भोक्ती होते. अखेरीस ती ख्रिस्ती धर्म स्वीकारून पुनर्विवाह करते.

कादंबरीतील संवाद जागोजागी प्रवचनाचे रूप घेतात, पात्रे पुष्कळदा व्यक्ती न राहता दृष्टांत बनतात, आणि शेवट लेखकाच्या मतानुसार आधीच ठरलेला आहे. हे दोष नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिच्या काळाकडेही पाहावे. विधवाविवाहास मान्यता देणारा कायदा १८५६ साली झाला आणि कादंबरी त्याच्या पुढच्याच वर्षी आली. कायदा झाला म्हणून घरातील माणसे बदलत नाहीत. मुंबईत गाजलेला पुनर्विवाह घडून येण्यास १८६९ साल उजाडावे लागले. कायदा आणि आचार यांमधील हे अंतर मराठी गद्यात कथेच्या द्वारे प्रथम बाबांनी दाखविले. त्यानंतरच्या ‘मुक्तामाला’ (१८६१) सारख्या कादंबऱ्या अद्भुतरम्यतेच्या वाटेने गेल्या, हे लक्षात घेतले म्हणजे बाबांच्या वास्तवदृष्टीचे वेगळेपण अधिक उठून दिसते.

आता आत्मचरित्राकडे वळू. ‘अरुणोदय’ एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात प्रसिद्ध झाले आणि १८९० साली त्याचे इंग्रजी रूपांतरही निघाले. स्वतःच्या अंतरंगाचे निवेदन मराठीला सर्वस्वी अपरिचित होते असे नाही. सतराव्या शतकातील संत बहिणाबाईंनी आपले आत्मवृत्त अभंगांत सांगितले, आणि त्यांचे गाव शिऊर आपल्या मराठवाड्यातच आहे. गद्यात दादोबा पांडुरंगांनी आत्मचरित्र लिहिण्यास घेतले होते. परंतु ते अपुरे राहिले आणि १९४७ साली अ. का. प्रियोळकरांमुळे प्रकाशात आले. तेव्हा समकालीन वाचकांपुढे छापील स्वरूपात आलेल्या आरंभीच्या मराठी आत्मचरित्रांत ‘अरुणोदया’चे स्थान महत्त्वाचे ठरते. परमहंस मंडळीच्या इतिहासासाठीही ते एक मोलाचे साधन आहे.

‘अरुणोदया’चा मुख्य विषय लेखकाचे पूर्ववय आणि त्याचे मतपरिवर्तन हा आहे. बालपणीची श्रद्धा, नंतरचा संशय, गुप्त मंडळीतील सहभाग आणि शेवटी उघड निर्णय, असा त्याचा क्रम आहे. येथे कादंबरीशी असलेले साम्य स्पष्ट होते. दोन्ही कृतींची रचना प्रवासाची आहे. यमुना एका घरातून दुसऱ्या घरात जाते, तर बाबा एका श्रद्धेतून दुसऱ्या श्रद्धेत जातात. दोन्ही ठिकाणी जे प्रथम पाहिले जाते, ते पुढे स्वतःवर येते. आणि जे मनाला पटले, ते उघडपणे आचरावयाचे की नाही, हाच दोन्हींतील निर्णायक प्रश्न आहे. परमहंस मंडळीच्या गुप्ततेचा अनुभव ज्याने घेतला, त्याला हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. या दृष्टीने पाहता ‘यमुनापर्यटन’ हे निव्वळ प्रचाराचे साधन राहत नाही. ते लेखकाच्या आत्मचरित्राचे पूर्वरूप ठरते.

तथापि एक भेद उरतो आणि तो मूलगामी आहे. यमुनेची कथा दुसरा कोणी सांगतो. बाबा आपली कथा स्वतः सांगतात. पुरुषाला ‘मी’ म्हणण्याचा अधिकार मिळाला, परंतु जिच्या दुःखासाठी कादंबरी लिहिली गेली, त्या स्त्रीला तो मिळाला नाही. पुढे हरिभाऊ आपटे यांनी ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी लिहिली. ती ‘करमणूक’ पत्रातून १८९० पासून क्रमशः आली. तिच्यात विधवेच्या वाट्याला येणारे केशवपन आणि छळ यमू ही नायिका स्वतःच्या मुखाने सांगते. बाबांच्या हातून दोन ग्रंथांत वेगळे राहिलेले धागे, म्हणजे विधवेचे दुःख आणि आत्मनिवेदनाची पद्धती, येथे एकत्र आले. यमुना आणि यमू ही नावे जवळची आहेत. केवळ तेवढ्यावरून प्रभावाचा सिद्धान्त मांडणे योग्य होणार नाही. परंतु रूपाच्या विकासाची ही पायरी निश्चित दाखविता येते. त्याच्याही पुढे, १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये धर्मांतराची कथा स्त्रीच्या स्वतःच्या, नर्मविनोदी वाणीत ऐकू येते. बाबांच्या दोन्ही ग्रंथांत जी उणीव राहिली होती, ती येथे भरून निघाली.

बीड जिल्ह्यातून या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांनी एक सावधगिरी बाळगावयास हवी. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १८५६ चा कायदा कंपनी सरकारच्या मुलखासाठी होता, आणि बाबांचे अनुभवविश्वही मुख्यतः मुंबई इलाख्यातील शहरांचे होते. म्हणून ‘यमुनापर्यटना’तील समाजचित्र जसेच्या तसे या भागास लावणे सयुक्तिक नाही. उलट, येथील विधवांची स्थिती त्या काळी कशी होती, हे जुनी घरगुती पत्रे, दप्तरे आणि ओव्या यांतून शोधून ते कादंबरीशेजारी ठेवणे, हे आपल्या संशोधकांसमोरचे खरे कार्य आहे.

लेखकाच्या धर्ममताशी सहमत होणे अभ्यासकाला आवश्यक नाही. त्याचा हेतू ओळखून त्याची साक्ष तपासणे मात्र आवश्यक आहे. हेतू प्रचाराचा होता एवढ्यावरून साक्ष खोटी ठरत नाही, आणि साक्ष खरी म्हणून रचनेचे दोष झाकले जात नाहीत. हा विवेक राखून, आणि दोन्ही ग्रंथ एकमेकांशेजारी ठेवून वाचले, तर बाबा पदमनजींचे नाव केवळ प्रश्नपत्रिकेतील एका गुणापुरते उरणार नाही.