मस्तिष्कावरणशोथात हृदयाकडे लक्ष हवे
शिर, हृदय व बस्ति या त्रिमर्मांचा विचार चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात एकत्र केलेला आहे. जीवाणुजन्य मस्तिष्कावरणशोथात यांपैकी दोन मर्मे एकाच वेळी धोक्यात येऊ शकतात, इकडे आम्ही वैद्यबंधूंचे लक्ष वेधू इच्छितो. न्यूमोकोकस हा जीवाणू कधीकधी फुफ्फुस, मस्तिष्कावरण व हृदयाची झडप अशा तिन्ही ठिकाणी ठाण मांडतो. रॉबर्ट ऑस्ट्रियन यांनी १९५७ साली या त्रयीचे वर्णन केले. यात महाधमनीची झडप फाटून फुफ्फुसांत पाणी भरू शकते. अतिमद्यपींत हे विशेष. मेनिंगोकोकस तर हृदयाच्या स्नायूसच शोथ आणू शकतो.

तीव्र ज्वर, शिरःशूल, छर्दी व ताठ मान असता नुसता मन्यास्तंभ समजून तैलाभ्यंग करीत बसणे आम्हांस घातक वाटते. अशा रुग्णास शिरेवाटे प्रतिजैविके मिळतील तेथे तत्काळ पाठवावे. औषधविक्रेत्यांनीही वेदनाशामक देऊन घरी धाडू नये. नाडी द्रुत व क्षीण, हातपाय थंड, दाबूनही न मावळणारे जांभळे ठिपके दिसल्यास घटकाभरही थांबू नये. शुद्ध हरपलेला रुग्ण छातीची तक्रार सांगणार नाही. स्टेथोस्कोप गळ्यात मिरवण्यासाठी नाही. हृदयाचा नवा मर्मरध्वनी ऐकू आल्यास नाडीच्या गतीसह तो सोबतच्या चिठ्ठीत लिहावा.