वाचकाचे नाव कशाला हवे?

महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या सार्वजनिक वाचनालयात दोन प्रकारचे वाचक आढळतात. पहिला मुक्तद्वार विभागात येतो, मेजावरचे वृत्तपत्र वा नियतकालिक उचलतो, तास-दोन तास वाचतो आणि निघून जातो. त्याला कोणी सभासद क्रमांक विचारीत नाही. काही ठिकाणी दाराजवळच्या वहीत सही करावी लागते. पण ती सही कोणाची, याची शहानिशा कोणी करीत नाही. दुसरा वाचक देवघेव विभागात जातो. त्याने अर्ज भरलेला असतो, अनामत ठेवलेली असते, वर्गणी दिलेली असते आणि घरी नेलेल्या प्रत्येक पुस्तकाची त्याच्या नावावर नोंद होते. एकाच इमारतीत, एकाच ग्रंथपालाच्या देखरेखीखाली हे दोन नियम वर्षानुवर्षे सुखाने नांदत आले आहेत. त्यांमागे एक विचार आहे आणि तो आज आठवण्याजोगा आहे.

याचे कारण असे की, वाचनाचा मोठा भाग आता आंतरजालावर सरकला आहे आणि तेथे हा भेद पुसला जात आहे. लोकांनी एकत्र येऊन लिहिलेली माहिती, एकमेकांना विचारलेले प्रश्न व दिलेली उत्तरे जेथे साठतात, अशी अनेक संकेतस्थळे दोन-चार ओळी दाखवून पुढे दार लावून घेतात. ‘आधी नाव नोंदवा, मग वाचा’ असा त्यांचा आग्रह असतो. ३० जून २०२३ रोजी ट्विटरने खाते नसलेल्या वाचकांना संदेश दाखविणे बंद केले. हा तात्पुरता उपाय असल्याचे मालक इलॉन मस्क यांनी सांगितले आणि काही दिवसांत ही बंदी अंशतः शिथिलही झाली. परंतु पोलीस, महापालिका, रेल्वे यांच्या सूचना याच ठिकाणी प्रसिद्ध होत असल्याने, ऐन पावसाळ्यात सार्वजनिक सूचना वाचण्यासाठी एका खाजगी कंपनीकडे नाव नोंदविणे नागरिकाला भाग पडावे काय, हा प्रश्न त्या काही दिवसांत स्पष्टपणे पुढे आला.

वापराने न झिजणारी वस्तू

अर्थशास्त्राने या प्रश्नाचा पाया फार पूर्वी घालून ठेवला आहे. पॉल सॅम्युएल्सन यांनी १९५४ साली सार्वजनिक खर्चाविषयी लिहिलेल्या निबंधात अशा वस्तूंचे विवेचन केले की, ज्यांचा एकाने उपभोग घेतल्याने दुसऱ्याचा वाटा कमी होत नाही. भाकरी एकाने खाल्ली की दुसऱ्याला उरत नाही. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड मात्र एकाने घेतला म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही. अशा वस्तूपासून कोणाला दूर ठेवण्यात समाजाचा तोटाच असतो, कारण वगळलेल्याचे नुकसान होते आणि इतरांच्या पदरात काहीही अधिक पडत नाही.

वाचनालयाचे दोन नियम या कसोटीवर तपासून पाहावेत. घरी नेलेले पुस्तक पंधरा दिवस इतरांना मिळत नाही आणि ते परत न येण्याचा धोका असतो. म्हणून तेथे नाव हवे, पत्ता हवा, अनामत हवी. मेजावरचे वर्तमानपत्र वाचून होताच दुसऱ्याच्या हाती जाते. म्हणून तेथे नावाचे प्रयोजन नाही. नोंदणी ही जबाबदारीची खूण आहे आणि जबाबदारी तेथेच उद्भवते, जेथे कोणी काही घेऊन जातो किंवा काही नवे आणून ठेवतो. आंतरजालावरचा मजकूर वाचणारा काही घेऊन जात नाही आणि काही ठेवूनही जात नाही.

लिहिणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या शब्दाने कोणाची बदनामी होऊ शकते, कोणाची फसवणूक होऊ शकते. जानेवारी २००१ मध्ये सुरू झालेल्या विकिपीडियाने हा धडा अनुभवातून घेतला. २००५ साली एका अमेरिकी पत्रकाराच्या चरित्रलेखात कोणीतरी धादांत खोटा मजकूर घातल्याचे उघडकीस आले. त्यानंतर डिसेंबरमध्ये इंग्रजी विकिपीडियाने नवे लेख सुरू करण्याचा अधिकार नोंदणीकृत सदस्यांपुरता मर्यादित केला. वाचणाऱ्याच्या वाटेत मात्र कोणताही अडसर आला नाही. मराठी विकिपीडियाही खाते न उघडता कोणालाही वाचता येतो. कुलूप लावायचे ते कोठे, याचा हा नमुनेदार निर्णय म्हणावा लागेल.

दुसरी बाजू

नोंदणीचा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे निराधार आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. मजकूर वापराने झिजत नसला, तरी तो साठविण्याचा व पुरविण्याचा खर्च कोणाला तरी करावा लागतो. वाचणाऱ्या यंत्रांमुळे हा खर्च अलीकडे झपाट्याने वाढला आहे. जानेवारी २०२४ पासून चित्रे व चित्रफिती पुरविण्याचा भार ५० टक्क्यांनी वाढला आणि सर्वांत खर्चिक मागणीपैकी ६५ टक्के मागणी यंत्रांकडून येते, असे विकिमीडिया प्रतिष्ठानने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले. माणसांसाठी मांडलेल्या पंगतीत यंत्रे येऊन बसू लागली, तर यजमानाने दाराशी पहारा बसवावा हे समजण्यासारखे आहे. तथापि नावाची नोंद हा त्यावरचा खरा उपाय नव्हे. खोट्या नावाची खाती यंत्रालाही उघडता येतात. मागणीच्या वेगावर मर्यादा घालणे आणि मोठ्या प्रमाणावर मजकूर नेणाऱ्या कंपन्यांकडून मोबदला घेणे, हे अधिक न्याय्य ठरते. यंत्राच्या हव्यासाचा दंड माणसाने का भरावा?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आजारपण, व्यसन, कौटुंबिक अत्याचार यांविषयी माणसे एकमेकांशी बोलतात, तेव्हा ते बोलणे चव्हाट्यावर येऊ नये, ही अपेक्षा रास्तच असते. अशा ठिकाणी दार असलेच पाहिजे. परंतु याही बाबतीत ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या १९३५ साली सुरू झालेल्या चळवळीची रीत बोलकी आहे. तिच्या काही सभा सर्वांना खुल्या असतात, तर काही केवळ दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असतात. बंद सभेतही पूर्ण नाव विचारले जात नाही. दार असणे आणि दाराशी नावांची वही असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

नोंदणीमुळे दार उघडल्याचेही उदाहरण आहे. विद्वत्तापूर्ण नियतकालिकांचा संग्रह असलेल्या ‘जेस्टोर’ने जानेवारी २०१२ मध्ये अशी योजना सुरू केली की, कोणत्याही विद्यापीठाशी संबंध नसलेल्या व्यक्तीने नाव नोंदवावे आणि दर चौदा दिवसांत तीन लेख विनामूल्य वाचावेत. त्याआधी अशा वाचकाला पैसे मोजल्यावाचून बहुतेक लेख पाहता येत नसत. तेथे नोंदणी मूल्याच्या जागी आली, म्हणून ती एक पाऊल पुढे होती. जे आधी खुले होते, त्याच्या वाटेत नोंदणी आली तर ते पाऊल मागे पडते.

नोंदीची किंमत

‘नाव लिहायला काय लागते?’ असा प्रश्न सहज केला जातो. नोंदीची किंमत पैशांत दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कोण काय वाचतो याची वही ही सत्तेला नेहमीच मोहात पाडणारी वस्तू आहे. अमेरिकेच्या केंद्रीय तपास खात्याचे अधिकारी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात परदेशी वाचकांची चौकशी करीत असल्याचे १९८७ साली उघड झाले, तेव्हा ग्रंथपालांनीच त्याला विरोध केला. वाचकाची नोंद गोपनीय ठेवणारे कायदे आज त्या देशातील बहुतेक सर्व राज्यांत आहेत. आंतरजालावर नाव नोंदवून वाचणाऱ्याची वही ग्रंथपालाच्या हाती नसते. जाहिरातीवर जगणाऱ्या व्यापाऱ्याच्या हाती असते. गुप्त रोगाविषयी, कर्जाविषयी किंवा घटस्फोटाविषयी वाचणाऱ्या माणसाला ही जाणीव झाली, की तो वाचायचेच टाळतो. ज्याला माहितीची सर्वाधिक गरज आहे तोच मागे फिरतो, ही या नियमाची खरी हानी होय.

आपल्याकडे २०२३ साली संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने याबाबत एक उपयुक्त तत्त्व मान्य केले आहे. सांगितलेल्या हेतूसाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती व्यक्तीची संमती ग्राह्य धरावी, असे ते तत्त्व. लेख वाचण्यासाठी वाचकाचा मोबाइल क्रमांक आवश्यक कसा, याचे समाधानकारक उत्तर देणे कोणत्याही संकेतस्थळास अवघड जाईल. याच कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती घ्यावी लागते. मुलांच्या हिताची ही तरतूद योग्यच आहे. पण वाचनालाच नोंदणीची अट जोडली, तर अकरावीतल्या विद्यार्थ्याला गणिताचे एखादे उत्तर पाहण्यासाठीही पालकांची परवानगी मिळवावी लागेल. ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो घेऊन वडील कामावर गेले आहेत, त्या घरातील विद्यार्थ्याला सांकेतिक क्रमांक यायचा कोठून?

नाव नसलेला वाचक

सार्वजनिक पैशाने मिळणाऱ्या वाचनसाहित्याबाबत तर हा प्रश्न अधिक टोकदार होतो. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद, सुमारे ६,३०० शासकीय संस्था, सुमारे १३,००० नियतकालिके आणि जवळजवळ १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक असा तिचा व्याप आहे. योजना स्वागतार्ह आहे. परंतु संस्थेच्या नोंदवहीत ज्याचे नाव नाही, तो सेवानिवृत्त शिक्षक, नोकरी सांभाळून अभ्यास करणारा कारकून, स्वतंत्र संशोधन करणारा पदवीधर या दाराबाहेरच उभा राहतो. कर मात्र तोही भरतो. याउलट भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचे ‘शोधगंगा’ हे भांडार कोणत्याही संस्थेचा शिक्का नसलेल्या वाचकालाही खुले आहे. परकीय प्रकाशकांच्या मालकीचा मजकूर आणि आपल्याच विद्यापीठांतील प्रबंध यांत फरक आहे, हे खरे; पण सार्वजनिक धोरणाची दिशा कोणती असावी, हे या तुलनेतून कळते.

तात्पर्य, नियम साधा आहे आणि तो आपल्या वाचनालयांनी कधीच घालून दिला आहे. लिहिणाऱ्याचे नाव नोंदवावे, घेऊन जाणाऱ्याचे नोंदवावे, खाजगी बोलणे दाराआड ठेवावे. केवळ वाचणाऱ्याला मात्र नाव विचारू नये. नोंदणी अपरिहार्यच असेल, तर कामापुरती माहिती घ्यावी आणि काम संपताच ती पुसून टाकावी. रत्नागिरीत १८२८ साली आणि पुण्यात १८४८ साली ग्रंथालये निघाली, ती वर्गणीदारांच्या बळावर. तेथून १९४५ चा कोल्हापूर संस्थानाचा आणि १९६७ चा महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा होईपर्यंत शंभर वर्षांहून अधिक काळ गेला. एवढ्या अवधीत समाजाने जे दार प्रयत्नपूर्वक उघडले, ते नव्या इमारतीत स्थलांतर करताना बेसावधपणे लावून घेणे कोणाच्याच हिताचे नाही.