गाव कुठले, संघ कुठला?

चंदगडमध्ये १९५५ साली जन्मलेल्या माणसाचा जन्मजिल्हा बेळगाव. पुढच्याच वर्षी राज्यपुनर्रचना झाली. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्यातून चंदगड तालुका तेवढा वगळला आणि तो कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. १९६० मध्ये राज्याचे नाव महाराष्ट्र झाले. उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकता माणसाचा जिल्हा बदलला, राज्याचे नावही बदलले. जन्म कुठला, कागद कुठला आणि माणूस स्वतःला कुठला म्हणवतो, या तिन्हींची उत्तरे निराळी असू शकतात, हे या तालुक्याला कोणी शिकवायला नको.

खेळाच्या बातम्यांत मात्र ही उत्तरे सर्रास एकमेकांत मिसळतात.

६ जून २०२४ रोजी डॅलसजवळ टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या सामन्यात अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवले. पाकिस्तानला १९ धावा हव्या होत्या. डावखुऱ्या सौरभ नेत्रावळकरने त्यांना १३ वर रोखले. सौरभ मुंबईत जन्मलेला, २०१० चा १९ वर्षांखालील विश्वचषक भारताकडून खेळलेला, पुढे मुंबईकडून रणजी सामन्यात उतरलेला. २०१५ मध्ये तो शिकायला कॉर्नेल विद्यापीठात गेला आणि नंतर ओरॅकल कंपनीत अभियंता झाला. त्या विजयानंतर तो घरोघरी ‘आपला सौरभ’ होता. सहाच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्याने विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर परत पाठवले, रोहित शर्माला ३ धावांवर बाद केले. आता त्याला काय म्हणायचे? मराठमोळा, मुंबईकर, भारतीय वंशाचा की अमेरिकन?

इथे नियम माहीत असलेला बरा. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये एखाद्या देशाकडून खेळायला त्या देशात जन्म, तिथले नागरिकत्व किंवा तिथले सलग तीन वर्षांचे वास्तव्य, यांपैकी एक गोष्ट पुरते. म्हणजे ‘अमेरिकेचा क्रिकेटपटू’ एवढ्यावरून त्याचा पासपोर्ट कळत नाही. ऑलिंपिकमध्ये तसे चालत नाही. तिथे नागरिकत्व लागतेच. एका देशाकडून खेळून झाल्यावर दुसऱ्याकडून उतरायचे तर साधारणपणे तीन वर्षे थांबावे लागते. संबंधितांच्या संमतीने ही मुदत कमी होऊ शकते. तेव्हा ऑलिंपिकमधला ‘अमुक देशाचा’ आणि क्रिकेटमधला ‘अमुक देशाचा’ या दोन शब्दप्रयोगांचे वजन सारखे नाही.

‘भारतीय वंशाचा’ हे विशेषणही असेच वाटेल तिथे चिकटवले जाते. रचिन रवींद्र वेलिंग्टनमध्ये जन्मला, त्याचे आईवडील बंगळूरचे. त्याला ते शोभते. एजाज पटेल मात्र मुंबईत जन्मला आणि आठ वर्षांचा असताना कुटुंबाबरोबर न्यूझीलंडला गेला. डिसेंबर २०२१ मध्ये त्याच मुंबईच्या वानखेडेवर त्याने ११९ धावांत भारताचे दहाच्या दहा बळी घेतले. कसोटीच्या एका डावात हा पराक्रम त्याआधी जिम लेकर आणि अनिल कुंबळे या दोघांनीच केला होता. अश्विनने भारतीय संघाच्या सह्या असलेली जर्सी त्याला भेट दिली. २०२४ मध्ये एजाज पुन्हा वानखेडेवर आला, सामन्यात ११ बळी घेतले आणि भारताने ती मालिका मायदेशात ०-३ अशी गमावली. अशा खेळाडूला नुसते ‘भारतीय वंशाचा’ म्हटले की त्याची मुंबई गायब होते आणि ‘आपला मुंबईकर’ म्हटले की त्याला घडवणारा न्यूझीलंड.

आपल्या कायद्याने हा पेच आणखी घट्ट केला आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारताचे संपते. २००८ पासून भारताकडून खेळण्यासाठी भारतीय पासपोर्ट सक्तीचा आहे. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड त्यासाठी चालत नाही. जपानमध्ये जन्मलेला, गुजराती वडिलांचा फुटबॉलपटू अराता इझुमी जपानी नागरिकत्व सोडून २०१३ मध्ये भारताकडून खेळला. असा निर्णय कोणी हसतखेळत घेत नाही. म्हणूनच देश बदललेल्या खेळाडूला समाजमाध्यमांवर गद्दार ठरवणे अन्यायाचे आहे.

कोल्हापूरकरांच्या तोंडी रुळलेल्या एका वाक्याच्या मुळाशीही हाच प्रश्न आहे. राजाराम कॉलेजचे विद्यार्थी खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक जिंकले. त्यांना ‘स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेते’ म्हणतात. त्यातला ‘स्वतंत्र’ हा शब्द शोभेचा नाही. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कलकत्त्यात जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्ड या इंग्रज तरुणाने धावण्यात दोन रौप्यपदके मिळवली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती ती भारताच्या खात्यावर लावते, तर जागतिक ॲथलेटिक्स संघटनेच्या नोंदीत ती ब्रिटनची आहेत. माणूस एक, शर्यती त्याच आणि देश दोन.

चंदगडच्या शेजारच्या गोव्याची गोष्ट तर याहून गुंतागुंतीची. गोवेकर आईवडिलांच्या पोटी मोंबासात जन्मलेला सेराफिनो अंताव १९६२ च्या पर्थ राष्ट्रकुल स्पर्धेत १०० आणि २२० यार्डांत केनियासाठी सुवर्णपदके जिंकला. तेव्हा केनिया ब्रिटिशांची वसाहत होती आणि त्याच्या आईवडिलांचा गोवा पोर्तुगालकडून भारतात येऊन वर्षही झाले नव्हते. दोन वर्षांनी टोकियो ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र केनियाचा ध्वज त्याच्याच हाती होता. त्याला ‘भारतीय’ म्हणणे सोपे आहे, पण बरोबर नाही.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या फ्रीस्टाइल कुस्तीची सहा सुवर्णपदके होती. त्यांपैकी तीन रशियातल्या दागिस्तानात जन्मलेल्या मल्लांनी जिंकली: बहरीनकडून ताजुद्दिनोव्ह, बल्गेरियाकडून रमजानोव्ह आणि उझबेकिस्तानकडून झमालोव्ह. नुसता पदकतक्ता पाहणाऱ्याला दागिस्तान दिसतच नाही.

कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातल्या जत्रेच्या कुस्ती मैदानात असा घोळ होत नाही. मल्ल लाल मातीत उतरला की निवेदक त्याचे नाव घेतो, गाव सांगतो, लगेच तालीम सांगतो आणि तो कोणत्या वस्तादांचा पठ्ठा हेही पुकारतो. गाव एका जिल्ह्यातले आणि तालीम दुसऱ्या, म्हणून ना गाव रागावते, ना तालीम.

क्रीडा वार्ताहरांनी हीच रीत उचलावी: ‘मुंबईत जन्मलेला, न्यूझीलंडकडून खेळणारा एजाज पटेल’. दोन शब्द जास्त लागतील, पण त्यात खोटे काही नसेल. आणि खेळाडू जिंकला तरी, आपल्याविरुद्ध जिंकला तरी, हे वर्णन बदलू नये.