रांगोळी, चिंचोके आणि गावाची पाहणी

गावाची पाहणी म्हटली की छापील तक्ता व लेखणी हीच साधने शिक्षकाच्या डोळ्यांसमोर येतात. परंतु तक्त्यात जेवढे प्रश्न असतात, तेवढीच उत्तरे मिळतात. जे मूल पटावर नाही, ज्याच्या घराकडे कोणी वाट वाकडी करून गेलेच नाही, ते तक्त्यातही उतरत नाही. अशा मुलांचा शोध घेण्यास घरोघरी सापडणाऱ्या हस्तकलेच्या वस्तू फार उपयोगी पडतात.

१९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने हस्तोद्योग हे शिक्षणाचे माध्यम मानले. पुढे १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस भारतातील व केनियातील ग्रामविकास कार्यकर्त्यांनी रांगोळी, बिया व काड्या यांच्या साह्याने ग्रामस्थांकडूनच गावाचे नकाशे मांडून घेण्यास प्रारंभ केला. ‘पी. आर. ए.’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत रॉबर्ट चेंबर्स या इंग्रज अभ्यासकाने सर्वत्र परिचित केली.

मांडणी अशी करावी. शाळेचे अंगण झाडून घ्यावे. ग्रामस्थांनी प्रथम रस्ता, ओढा व विहीर रांगोळीने रेखावी. मग घरे मांडावीत. शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलाबद्दल घरावर एक चिंचोका व न येणाऱ्या मुलाबद्दल एक खडा ठेवावा. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबाच्या घरावर पाचटाची काडी आडवी ठेवावी. एखादा खडा ठेवावयाचा राहिला तर शेजारी तो ठेवतो. चूक सर्वांसमक्ष तेथल्या तेथे दुरुस्त होते, हेच या साधनाचे बळ होय.

त्यानंतर चैत्र ते फाल्गुन असे बारा चौकोन आखावेत. ज्या महिन्यात घरचे काम अधिक, तेथे तुरीचे दाणे अधिक. या राशी हजेरीपत्रकाशी ताडून पाहिल्या म्हणजे मुले कोणत्या महिन्यात व कोणत्या कामामुळे अनुपस्थित राहतात, याचा अंदाज येतो. दाणे प्रमाण दर्शवितात, नेमकी संख्या नव्हे, हे मात्र विसरू नये.

काही पथ्ये अवश्य पाळावीत. शिक्षकाने स्वतः रेघ ओढू नये. प्रश्न विचारावा आणि ऐकावे. पुरुषांसमोर स्त्रिया मोकळेपणाने बोलतीलच असे नाही. त्यांची मांडणी त्यांच्या सोयीच्या वेळी वेगळी व्हावी. दूरच्या वस्तीची मांडणी वस्तीवरच करावी. कर्ज, आजार व घरगुती कलह या गोष्टी चारचौघांत मांडावयाच्या नसतात. तसेच खडा पाहून पालकास दोषही देऊ नये.

मांडणी पुसण्यापूर्वी ती कागदावर उतरवून एक प्रत गावाकडे ठेवावी. हे काम दसऱ्यापूर्वी झाले तर स्थलांतर करणाऱ्या घरांतील मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची किंवा नातलगांकडे राहण्याची व्यवस्था वेळेत करता येते. २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षे वयाच्या प्रत्येक बालकास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला आहे. अंगणातील प्रत्येक खडा म्हणजे हा हक्क अद्याप न पोहोचलेले एक मूल होय. त्या मुलाच्या घरी शिक्षकाने त्याच आठवड्यात जावे.