सशाचा पिंजरा सजवताना

पिंजरा घरी तयार झाला की मुलांना तो नटवायची घाई होते. चमकी, प्लॅस्टिकची फुलं, दिवाळीतल्या उरलेल्या माळा जाळीला लटकू लागतात. सशाला मात्र यातली प्रत्येक वस्तू चावून पाहायची असते. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढतात, आठवड्याला साधारण २ मिलिमीटर, आणि ते झिजवायला त्याला सतत काहीतरी कुरतडावंच लागतं. त्यातून सशाला उलटी होत नाही. गिळलेलं प्लॅस्टिक आतड्यात अडकलं की तो खाणं सोडतो, आणि एखाद-दोन दिवसांत जिवावर बेततं. म्हणून पिंजऱ्यात पोटात गेलं तरी चालेल तेवढंच ठेवावं. आपल्या डोळ्यांसाठीची नक्षी बाहेर असावी, दात पोचणार नाहीत अशी.

हे जाळी ठोकतानाच ठरतं. जाळी चौकटीच्या आतल्या अंगानं ठोकली, की लाकूड बाहेर राहतं. त्याच्या बाहेरच्या बाजूला गेरू लावावा, वर तांदळाच्या पिठीनं वेलबुट्टी काढावी. माळ्यावरचा ऑइलपेंटचा जुना डबा मात्र उघडू नये. घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यात किती असेल, सांगता येत नाही. नवी जाळीही व्हिनेगर आणि ताठ ब्रशनं घासून, धुऊन, उन्हात वाळवावी, म्हणजे जस्ताचे सुटे कण निघून जातात. तळाला जाळी नकोच. तिच्यावर बसून सशाच्या तळपायांना जखमा होतात. फळी टाकावी, वर वाळलेल्या गवताचा जाड थर.

आतल्या सजावटीसाठी नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या आसपास सामान भरपूर मिळतं. अर्धापूरचा केळीचा पट्टा जवळच आहे. फवारणी नसलेल्या परसातल्या केळीची वाळकी पानं वेणीसारखी गुंफून जाळीला अडकवली की ती शोभतात आणि ससा ती आनंदानं फाडतो. पेरूच्या आणि तुतीच्या डहाळ्या चालतात. बुरुडाकडची, रंग न दिलेली बांबूची टोपली उपडी घालून तिला दार कापलं की लपायला घर झालं. फक्त कापलेल्या कडा पॉलिशपेपरनं घासून घ्याव्यात. मला सगळ्यात आवडतं ते जोंधळ्याच्या धांड्याचं काम. मराठवाड्यातली पोरं ज्या धांड्यांच्या बैलगाड्या करत, तेच धांडे इथे उपयोगी पडतात. बाहेरची साल काढून टाकायची, ती धारदार असते. आतल्या गाभ्याचे तुकडे पेरूच्या काडीत ओवले की चाकं, झुला, तोरण, काहीही होतं. गोंद नको, टाचणी नको, बाभळीचा काटाही नको. चिकटवायचंच असेल तर गव्हाच्या पिठाची खळ पुरते. धांडा पूर्ण वाळलेला हवा. कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार होतं आणि ती खाऊन गुरं दगावतात.

पऱ्हाटी कितीही सरळ आणि सुंदर दिसली तरी घेऊ नये. कापसावर फवारे फार असतात. कण्हेर विषारी आहे, रुई विषारी आहे. तेव्हा शनिवारचा मारुतीचा रुईचा हार किंवा पूजेतली कण्हेरीची फुलं पिंजऱ्याजवळही नकोत. पॅकिंगच्या लाकडावर एमबी या अक्षरांचा शिक्का असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते. एचटी असेल तर ते नुसतं तापवलेलं असतं.

नांदेडचा पारा मे महिन्यात ४२ अंशांच्या वर जातो. सशाला घाम येत नाही, तिशीपलीकडे त्याला उन्हाचा त्रास सुरू होतो. म्हणून फुटक्या माठाचा मोठा भाग, कडा घासून बोथट केलेला, आडवा ठेवावा. बाहेरून पाणी मारलं की तो आत गारवा धरतो आणि दिसतोही छान. पत्र्याखाली पिंजरा ठेवूच नये.

हाच पिंजरा पोपटासाठी वापरायचा विचार कोणी करू नये. आपला देशी पोपट पाळायला १९७२च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. रानातल्या सशालाही तोच कायदा लागू आहे. पाळायचा तो पाळीव जातीचा.

सजावट दर आठवड्याला बदलावी. भिजलेलं गवत आणि पानं मात्र त्याच दिवशी काढावीत. पावसाळ्यात त्या ओलीवर माश्या येतात, सशाच्या मळलेल्या शेपटीखाली अंडी घालतात, आणि त्यातून निघालेल्या अळ्या कातडी पोखरतात. श्रावण सरेपर्यंत रोज सकाळी त्याला उचलून मागची बाजू पाहावी.