लेख एकच, पण खरी प्रत कुठली?

आपल्या मंडळाच्या ई-अंकासाठी येणारं साहित्य गोळा करण्याचं काम सध्या माझ्याकडे आहे. कथा, कविता, पुस्तक परिचय, सगळं बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवरच येतं. आधी 'कथा फायनल', मग 'कथा फायनल २', मग रात्री उशिरा 'ही घे, आधीची नको'. कथेचा अर्धा भाग घरच्या कॉम्प्युटरवर लिहिलेला असतो, शेवट बसमध्ये मोबाइलवर बदललेला असतो आणि एखादा परिच्छेद कॉलेजच्या लॅबमध्ये वाढवलेला असतो. म्हणजे तीन ठिकाणी तीन कथा. त्यातली खरी कुठली हे कधी कधी लेखकालाही पटकन सांगता येत नाही. म्हणून कॉम्प्युटर आणि मोबाइल यांच्यात फाइल 'सिंक' कशी ठेवावी आणि त्यासाठी कुठली सोय निवडावी, यावर जरा सविस्तर लिहिते आहे.

पहिली गोष्ट म्हणजे फाइल पाठवणं आणि फाइल सिंक करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा मेलवर फाइल पाठवली की प्रत्येक वेळी तिची एक नवी प्रत तयार होते. त्यानंतर तुम्ही मूळ फाइलमध्ये काहीही बदललंत तरी पाठवलेली प्रत तशीच राहते. सिंकमध्ये असं होत नाही. एक फोल्डर ठरवायचं. त्या फोल्डरवर एक प्रोग्राम लक्ष ठेवतो आणि त्यातली फाइल बदलली की तो बदल दुसऱ्या यंत्रावर पोचवतो. त्यामुळे लेख दोन ठिकाणी उघडता येतो, पण तो एकच राहतो.

हे काम करण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत फाइल एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि तिथून तुमच्या सगळ्या यंत्रांवर येते. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, आयक्लाउड ही सगळी त्यातलीच. गूगल १५ जीबी जागा फुकट देतं, पण ती जीमेल आणि फोटो यांच्यासह मिळून असते. फोटोंनी ती भरली की लेखांनाही जागा उरत नाही. वनड्राइव्ह आणि आयक्लाउड यांची फुकट जागा ५ जीबी आहे. ड्रॉपबॉक्सची २ जीबी, आणि फुकट खातं तीनच यंत्रांना जोडता येतं. नुसत्या लेखनासाठी २ जीबीसुद्धा पुष्कळ झाली, त्यामुळे जागेच्या आकड्यावरून निवड करायचं कारण नाही.

दुसऱ्या पद्धतीत मध्ये कुणी नसतं. सिंकथिंग हा मुक्त प्रोग्राम तुमचा कॉम्प्युटर आणि मोबाइल थेट एकमेकांना जोडतो. खातं उघडावं लागत नाही आणि फाइल कुठल्या कंपनीकडे साठवली जात नाही. मात्र दोन्ही यंत्रं एकाच वेळी चालू असावी लागतात. शिवाय त्याच्या मूळ अँड्रॉइड अ‍ॅपचं काम २०२४ च्या अखेरीस थांबलं. आता त्यावरून दुसऱ्यांनी तयार केलेलं अ‍ॅप वापरावं लागतं. तांत्रिक गोष्टींची आवड असेल तर ही पद्धत उत्तम आहे. आवड नसेल तर पहिली बरी.

आता प्रश्न विश्वासाचा. माझ्या मते जाहिरात किंवा मित्राचं मत यापेक्षा स्वतः केलेली परीक्षा महत्त्वाची. 'चाचणी' नावाचं एक फोल्डर करा, त्यात बिनमहत्त्वाची एक फाइल ठेवा आणि पुढच्या पाच गोष्टी करून बघा.

१. नेट बंद करून फाइल उघडा. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका आणि फाइल उघडते का बघा. अनेकदा मोबाइलवर फाइलचं नुसतं नाव दिसतं. फाइल असते सर्व्हरवर. सत्तरी किंवा पेडण्यातल्या एखाद्या आतल्या गावी रेंज गेली की हे कळतं, आणि तेव्हा उपयोग नसतो. ड्राइव्हच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक फाइलला 'ऑफलाइन उपलब्ध' अशी खूण करता येते. कॉम्प्युटरवरही तेच. वनड्राइव्हमध्ये फाइलशेजारी निळा ढग दिसला तर ती फक्त नेटवर आहे, हिरवी खूण असेल तर यंत्रावर आहे.

२. एकाच वेळी दोन्हीकडे बदल करा. नेट बंद ठेवून एक ओळ कॉम्प्युटरवर आणि वेगळी ओळ मोबाइलवर लिहा. मग दोन्हीकडे नेट चालू करा. दोन्ही ओळी शिल्लक राहिल्या का? ड्रॉपबॉक्स आणि सिंकथिंग अशा वेळी दोन फाइली ठेवतात आणि एकीच्या नावात 'कॉन्फ्लिक्ट' असं लिहितात. ते बघून गोंधळू नका. दोन्ही उघडायच्या, जुळवायच्या आणि मगच एक काढून टाकायची. न विचारता एक ओळ गडप करणारी सोय मात्र घेऊ नका.

३. फाइल पुसून टाका. मोबाइलवर पुसलीत की कॉम्प्युटरवरूनही जाईल. त्यात बिघाड काही नाही, सिंकचं कामच ते आहे. पण पुसलेली फाइल परत मिळते का, हे बघून ठेवा. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहते, नंतर आपोआप कायमची जाते. फाइलची कालची आवृत्ती कुठून परत घ्यायची तेही याच वेळी शोधून ठेवा.

४. मराठी नीट दिसतं का बघा. आपल्यासाठी ही सर्वांत महत्त्वाची परीक्षा. डीटीपीच्या दुकानात किंवा जुन्या कॉम्प्युटरवर श्रीलिपी, आयएसएम यांच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर मोबाइलवर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं यांची खिचडी होऊन दिसतो. लोक म्हणतात सिंकने फाइल बिघडवली. खरं म्हणजे फाइल जशीच्या तशी आलेली असते, मोबाइलमध्ये तो फॉन्ट नसतो एवढंच. म्हणून सुरुवातीपासून युनिकोडमध्येच लिहा. मोबाइलचा मराठी कीबोर्ड युनिकोडच असतो आणि विंडोजमध्येही मराठी कीबोर्ड निवडता येतो. जुना मजकूर कन्व्हर्टरमधून बदलून घेतलात तर जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घाला.

५. खातं कुणाचं आहे ते पाहा. कॉलेजने दिलेल्या खात्यावर सगळं ठेवलंत आणि पदवीनंतर ते खातं बंद झालं तर? कॉलेजचं काम कॉलेजच्या खात्यावर, आपलं लेखन आपल्या खात्यावर. वैयक्तिक गूगल खातंही दोन वर्षं अजिबात वापरलं नाही तर मजकुरासकट काढून टाकलं जाऊ शकतं. पासवर्डबरोबर दोन टप्प्यांची पडताळणी चालू ठेवा. लॅबच्या कॉम्प्युटरवर सिंकचा प्रोग्राम जोडू नका. ब्राउझरमधून काम करा आणि उठताना साइन आउट करा.

गूगल डॉक्स वापरणाऱ्यांसाठी आणखी एक सांगते. कॉम्प्युटरवरच्या ड्राइव्ह फोल्डरमध्ये दिसणारी डॉक्सची फाइल म्हणजे लेख नव्हे, तो लेखाचा नुसता पत्ता आहे. ती पेनड्राइव्हवर घेतलीत तर लेख त्यात येत नाही. लेख हवा असेल तर डॉक्स उघडून फाइल मेनूमधून तो वर्डमध्ये डाउनलोड करावा लागतो.

यावरून मुख्य मुद्द्यावर येते. सिंक म्हणजे जपून ठेवणं नव्हे. चूक झाली तर सिंक ती चूकही तितक्याच तत्परतेने सगळीकडे पोचवतो. म्हणून सिंकच्या बाहेर एक प्रत हवीच. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं, पुढे त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. लोकांनी ठिकठिकाणी हाताने नकला करून ठेवल्या होत्या म्हणून ग्रंथ वाचला आणि १९०७ मध्ये मंगळूरला पुन्हा छापता आला. आपल्याला नक्कल करायला एक मिनिट लागतं. महिन्यातून एकदा लेखनाचं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, त्यावर तारीख लिहा आणि पेनड्राइव्ह काढून कपाटात ठेवा. कॉम्प्युटरला लावून ठेवलेला पेनड्राइव्ह कॉम्प्युटरबरोबरच बिघडू शकतो.

मग निवडायचं काय? अँड्रॉइड मोबाइल असेल आणि लेखन मुख्यतः नवं असेल तर गूगल ड्राइव्ह आणि डॉक्स पुरेसं आहे, खातं तुमच्याकडे आधीपासून असतंच. घरी विंडोज आणि वर्डची सवय असेल तर वनड्राइव्ह सोयीचं. वैयक्तिक डायरीसारखं कुणाच्या सर्व्हरवर ठेवावंसं वाटत नाही असं काही असेल तर सिंकथिंग. यांपैकी कुठलंही चालेल, पण एक घ्या आणि तेच ठेवा. दोन सोयी एकाच फोल्डरवर लावल्यात तर गोंधळ दुप्पट होतो.

आणि पुढच्या अंकासाठी एक विनंती. फाइलच्या नावात 'फायनल' लिहू नका. तुमचं नाव, लेखाचं शीर्षक आणि तारीख एवढंच लिहा. मजकूर युनिकोडमध्ये, एकच प्रत, एकदाच. पाठवल्यावर काही सुचलंच तर नवी फाइल न पाठवता कुठली ओळ बदलायची ते कळवा, मी ती आपल्या प्रतीत बदलून घेईन.