भिंतीला विचारून

टाइल रंगवताना निळा रंग निळा दिसत नाही. कोबाल्ट ऑक्साइडची पूड काळीकुट्ट असते. कार्बोनेट घेतलं तर जांभळट. पाण्यात कालवून कुंचला ओढला की पांढऱ्यावर करड्या, मळकट रेघा उठतात. अशा वेळी स्टुडिओत आलेलं गिऱ्हाईक तोंडाने काही बोलत नाही, पण चेहरा बोलतो: एवढे पैसे मोजून हे? भट्टीत हजार अंशांच्या आसपास भाजून निघाल्यावर तीच रेघ निळीशार होते. कुठे गडद होईल, कुठे विरळ, हे आधी डोळ्यांना कळत नाही. कुंचल्यात पाणी किती आणि हात किती वेळ टेकला, यावरून अंदाज बांधायचा.

मी मूळची सावंतवाडीची, शिकले मुंबईत आणि काम करते गोव्यात, बार्देशात. पोर्तुगीज लोक ज्याला आझुलेजो म्हणतात, त्या पद्धतीच्या टाइल्स हाताने घडवते आणि रंगवते. ही युक्ती मुळात पोर्तुगिजांची नव्हे. चीनहून येणारी पांढरीशुभ्र भांडी पाहून नवव्या शतकात इराकच्या कुंभारांनी साध्या मातीवर पांढरं ग्लेझ (म्हणजे काचेचा थर) चढवलं, त्यात कथिलाचा ऑक्साइड घातला. आपला कल्हईवाला वापरतो तेच कथील. त्याने काच दुधी होते आणि खालची तांबडी माती झाकली जाते. अरबांबरोबर ही विद्या स्पेनला गेली आणि तिथून शेजारी पोर्तुगालला.

मातीपासून सांगते. माझी माती वाळून-भाजून साधारण दहा टक्के आटते, म्हणून 14 सेंटिमीटरच्या टाइलसाठी साडेपंधराचा चौकोन कापावा लागतो. पोर्तुगालची जुनी टाइल बहुतेक याच मापाची. कापणं सोपं, वाळवणं हीच खरी परीक्षा. कडा आधी वाळतात, मधला भाग ओला राहतो आणि टाइल चारी कोपऱ्यांनी वर उचलते. एकदा वाकलेली टाइल दाबून सरळ करा, भट्टीत ती पुन्हा वाकते. माती विसरत नाही. त्यामुळे फळ्यांच्या मध्ये दाबून, उलटसुलट करत, सावकाश वाळवायचं. पावसाळ्यात तर फारच सावकाश. आषाढात ऑर्डर देऊन चतुर्थीला दारावर नाव हवं म्हणणाऱ्यांना मी हात जोडते.

पहिल्या भाजणीनंतर टाइल बिस्किटासारखी पाणी पिणारी होते. पातळ ग्लेझ तिच्यावर ओतलं की काही क्षणांत पाणी आत शोषलं जातं आणि वर पांढऱ्या पुडीचा थर उरतो. चित्र काढायचं ते या पुडीवर. बोट लागलं तरी खरवडते. कुंचला टेकला की थेंब लगेच आत ओढला जातो, त्यामुळे खोडाखोड नाही, गिरवणं नाही. मोठं चित्र असेल तर ते आधी कागदावर काढून रेषांवरून सुईने भोकं पाडते, कागद टाइल्सवर ठेवते आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून थोपटते. आमच्याकडे आई उदबत्तीने भोकं पाडलेल्या कागदातून रांगोळीचे ठिपके पाडायची, थेट तीच रीत. ठिपके जुळवून रंग भरायचा. कोळसा भट्टीत जळून जातो, मागमूस राहत नाही.

गोव्यात या कलेला सर्वांत जास्त काम मिळतं ते घराच्या नावाच्या पाटीचं. पणजीच्या फोंताइन्यास वाड्यात फिरलात तर दारोदारी दिसेल. कलाशाळेतले लोक याला नाक मुरडतात. मला पाटी करायला आवडते, कारण ती अवघड असते, आणि देवनागरीत तर फारच. रोमन अक्षरं सुटी उभी राहतात, टाइलच्या सांध्यावर एखादं आलं तर पुढेमागे सरकवता येतं. आपली शिरोरेखा सरकत नाही. ती सांध्याला समांतर आणि सांध्याच्या जवळ आली की नजरेला दोन रेघा दिसतात आणि अक्षरं लोंबल्यासारखी वाटतात. म्हणून शिरोरेखा टाइलच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात धरायची, वेलांट्या आणि मात्रांना डोक्यावर मोकळी जागा ठेवायची. उकार खालच्या कडेला टेकतो, त्याचं वेगळं बघायचं. एका कुटुंबाला ‘कुळकर्णी’ दोन टाइल्सवर हवं होतं. सांधा नेमका ‘ळ’च्या पोटातून जात होता. शेवटी टाइलच थोडी रुंद कापली. नाव भिंतीवर बसवायचं तर टाइलने नावापुढे थोडं झुकावं, असं माझं मत.

आणि भिंतीपुढेही. आझुलेजो म्हणजे भिंतीवर टांगलेलं चित्र नव्हे. ते एका ठरावीक भिंतीसाठी, तिथला उजेड आणि बघणाऱ्याचं अंतर धरून केलेलं असतं. पणजीत आझाद मैदानाजवळच्या मिनेझेस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जाऊन उभे राहा. 1935 साली जोर्ज कोलासो या चित्रकाराने केलेल्या टाइल्स तिथे आहेत. कामोइश या पोर्तुगीज कवीच्या ‘लुझियादश’ या महाकाव्यातले प्रसंग, म्हणजे वास्को द गामाच्या सफरीचा गौरव. पोर्तो शहराच्या साव बेंतु रेल्वे स्टेशनातल्या सुमारे वीस हजार टाइल्स याच कोलासोच्या. पणजीच्या संस्थेचं तेव्हाचं नाव वास्को द गामाच्याच नावाने होतं. मुक्तीनंतर ते बदलून लुईस द मिनेझेस ब्रागांझा यांचं दिलं गेलं. पोर्तुगीज सत्तेविरुद्ध लेखणी चालवणारे पत्रकार. दारावर विरोधकाचं नाव, आत गामाची जहाजं. पाटी बदलता येते, भिंतीत बसलेलं चित्र इतक्या सहज उतरवता येत नाही. मला हा विरोधाभास तसाच राहावा असं वाटतं. आपल्या इतिहासात पाहण्यासारख्या जागा आहेत त्या अशाच.

जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिनच्या मनोऱ्यापाशी भिंतीत बसलेल्या टाइलची दुसरी बाजू दिसते. धार्मिक संघांना हाकलल्यावर 1835 मध्ये तिथलं चर्च आणि मठाचं संकुल ओस पडलं, 1842 मध्ये चर्चची कमान कोसळली. तिथल्या पडक्या चॅपलच्या भिंतींना टाइल्सचे तुकडे अजून चिकटलेले आहेत. इतके पावसाळे उघड्यावर काढूनही त्यांचा रंग उडालेला नाही. काचेतला रंग उन्हाने विटत नाही. टाइल मरते ती मागून. जांभ्याच्या भिंतीत पाणी मुरतं, सोबत क्षार येतात, ते ग्लेझच्या खाली स्फटिक होऊन फुगतात आणि वरची काच पापुद्र्यासारखी उडते.

पोर्तुगालमध्ये टाइलला दुसरा शत्रूही आहे: चोर. जुन्या टाइल्सना बाजार असल्याने भिंतींवरून त्या काढून नेल्या जात, म्हणून 2007 मध्ये तिथल्या पोलिसांच्या संग्रहालयाने त्यांच्या रक्षणासाठी खास प्रकल्प सुरू केला. 2017 साली टाइलवाले दर्शनी भाग पाडण्यावर कायद्याने निर्बंध आले. लिस्बनच्या राष्ट्रीय आझुलेजो संग्रहालयात सुमारे 23 मीटर लांबीचं, 1700 च्या सुमाराचं शहराचं चित्र आहे. 1755 च्या भूकंपात जे लिस्बन जमीनदोस्त झालं ते टाइलवर शाबूत आहे. तिथेच सतराव्या शतकातले वेदीसमोर लावायचे टाइलचे पट आहेत, त्यावरची फुलं आणि पक्षी भारतीय कापडावरून घेतलेले. तेव्हा देणंघेणं एकाच बाजूचं होतं असं कुणी सांगितलं तर मानू नका.

आपल्याकडे चित्राच्या टाइल्स हमखास दिसतात त्या मुंबईच्या जिन्यांच्या कोपऱ्यांत. गणपती, साईबाबा, क्रूस, मशीद, एका ओळीत. लोकांनी थुंकू नये म्हणून. छापील असतात, पण नेमक्या त्या भिंतीसाठी, नेमक्या त्या उंचीवर लावलेल्या. फ्रिजवर चिकटवायला एकुलती टाइल नेणाऱ्या पर्यटकापेक्षा त्या सोसायटीच्या सेक्रेटरीला टाइलचा उपयोग जास्त कळला आहे.

हाताची टाइल घेणार असाल तर आधी भिंत दाखवा. ऊन कुठून येतं, पावसाची झड लागते का, भिंतीला ओल आहे का. ओल असेल तर मी कामच घेत नाही. आधी ओल काढा. पॅनेलच्या प्रत्येक टाइलच्या पाठीवर मी ओळीचं अक्षर आणि जागेचा आकडा लिहून देते, तो बघूनच लावायची. गवंड्याला समोरचं चित्र बघून लावू देऊ नका. सारखी दिसणारी पानं हमखास अदलाबदल होतात. जुन्या जांभ्याच्या भिंतीला चुन्याचा माल वापरा. चुन्यातून ओल बाहेर पडते, आणि उद्या टाइल काढायची झाली तर ती अख्खी निघते. सिमेंटमधून निघतो तो चुरा. हातच्या टाइल्स एकसारख्या नसतात, त्या एकमेकींना खेटून बसवायचा हट्ट धरू नका. आमचे मेस्त्री पहिली ओळ लावतानाच मालकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, “सांदो ठेवूक होयो, ताई.” तो सांधा पातळ चुन्याने भरायचा.

आणि चतुर्थीच्या साफसफाईला ॲसिडची बाटली पाटीपासून लांब ठेवा. कमी तापमानाला भाजलेलं ग्लेझ नाजूक असतं, सांध्यातला चुना तर ॲसिडने फसफसून निघून जातो. साधं पाणी, मऊ फडकं, फार तर थोडा भांड्यांचा साबण.